परसातल्या मोटारी

आपल्या गावात बंद पडलेल्या जुन्या मोटारी किती आहेत, हे कधी मोजून बघितलंय का तुम्ही? मी मोजते. मंदिरात जाता-येता, लग्नाला परगावी गेलं की, कुणाच्या वाड्यात वास्तुशांतीला गेलं की नजर आपसूक परसाकडे वळते. कडुनिंबाखाली, गोठ्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये, कधी जुन्या गिरणीच्या आवारात एखादी मोटार असतेच. टायर जमिनीत रुतलेले, टपावर पाचोळा, सीटच्या स्प्रिंगा वर आलेल्या आणि आत मांजरीची पिल्लं. घरातली माणसं म्हणतात, "असू दे हो, मामंजींची आहे." मग विषय तिथंच संपतो.

मला वाटतं, विषय तिथूनच सुरू व्हायला पाहिजे. कारण अशी मोटार म्हणजे नुसतं भंगार नसतं. ती कोणत्या साली आली, कोणत्या साली थांबली आणि का थांबली, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली तर घराचा आणि देशाचा पन्नास वर्षांचा इतिहास हाताला लागतो. आपण बायका जुनी पैठणी बघून सांगतो की, ही आईच्या लग्नातली, ही आजीची. तसंच मोटारीचंही सांगता येतं. थोडी ओळख पाहिजे एवढंच.

आधी नंबराची पाटी बघावी. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि केए, एमएच, जीए अशी राज्याची दोन अक्षरं, मग जिल्ह्याचा आकडा ही पद्धत आली. आपल्या बेळगावचा केए-२२ तेव्हापासूनचा. त्याआधी तीन अक्षरं आणि पुढे आकडे असायचे. सुरुवातीला एमवाय असेल तर गाडी म्हैसूर राज्यातली, जीडी असेल तर गोवा, दमण आणि दीवची, बीएम असेल तर मुंबईची. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि त्या दिवसापासून म्हैसूर राज्यात गेला. त्याआधी इथं नोंदलेल्या मोटारीवर मुंबई राज्याचा नंबर. म्हणजे ज्या सीमेवरून आपल्याकडे इतकी वर्षं बोललं जातं, ती सीमा त्या गंजक्या पाटीवरसुद्धा उमटलेली आहे.

मग तोंडवळा बघावा. गोल नाकाची, फुगीर गालांची छोटी गाडी दिसली तर ती बहुतेक 'डुक्कर फियाट'. हे नाव कंपनीनं दिलेलं नाही, आपल्याच लोकांनी प्रेमानं ठेवलेलं आहे. १९५० च्या दशकातली ही फियाट ११००. हिची पुढची दारं उलटी उघडतात, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. माझ्या सासूबाई सांगायच्या, लुगडं सावरून आत बसायला आणि उतरायला ते फार बरं पडायचं. बॉनेटवर लांब खाचा आणि मागे छोटे शेपटीसारखे पंख असतील तर ती पहिली ॲम्बेसेडर. तिच्याआधीची लँडमास्टर मागून जास्त उतरती. दोनच दारं आणि नाकासकट पुढचा सगळा भाग एकदम पुढे उलटून इंजिन उघडं पडतं, ती मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. चार दारांची हेराल्ड नंतर आली. आणि लांबच लांब, क्रोमियमच्या पट्ट्यांची, घरातली सगळी पोरं मावतील अशी असेल तर डॉज, प्लिमथ, शेवरोले यांपैकी कुणीतरी.

आता इतिहासाकडे येऊ. आपल्याकडे मोटार प्रथम आली ती राजेरजवाड्यांकडे आणि बड्या व्यापाऱ्यांकडे. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर असा सहाशेवीस मैलांचा मोटारींचा कस पाहणारा प्रवास झाला. वाटेत सहा अवघड घाट. त्यात रोल्स-रॉईसची 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची गाडी नावाजली गेली आणि ती ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी घेतली. म्हणजे ज्या गाडीच्या नावाचा देशभर बोलबाला झाला, तिची परीक्षा आपल्याच सह्याद्रीच्या घाटांनी घेतली. हैदराबादच्या सहाव्या निजामांनी सिंहासनासारखी बैठक असलेली पिवळी रोल्स-रॉईस मागवली होती. ती तयार होऊन येण्याआधीच, १९११ मध्ये ते वारले. ती गाडी पुढे इतकी वर्षं निजामांकडे राहिली, पण चालली जेमतेम साडेतीनशे मैल. आज ती चौमहल्ला राजवाड्यात नीटनेटकी करून ठेवली आहे. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात अमेरिकन ड्युसेनबर्गवर इंग्लंडमध्ये खास बॉडी बांधून घेतली होती, केशरी आणि काळ्या रंगाची. ती नंतर देशाबाहेर गेली.

अशा किती गाड्या गेल्या! संस्थानं विलीन झाली, पण तनखे सुरू होते, तोवर गॅरेज कसंबसं चालत होतं. १९७१ साली घटनादुरुस्तीनं तनखे बंद झाले. ड्रायव्हर, क्लीनर, मेस्त्री यांचे पगार कुठून द्यायचे? गाड्या जागच्या जागी थांबल्या. परदेशी खरेदीदार यायचे आणि मिळेल त्या भावात घेऊन जायचे. शेवटी १९७२ साली जुन्या मोटारी देशाबाहेर नेण्यावर सरकारनं बंदी आणली. बंदीनं गाड्या देशात राहिल्या हे खरं, पण त्या सांभाळायला पैसा काही बंदीबरोबर आला नाही. गुजरातच्या प्राणलाल भोगीलाल यांच्यासारख्या शौकिनांनी जुन्या संस्थानी गाड्या जमवून अहमदाबादजवळ त्यांचं संग्रहालय उभं केलं, म्हणून पुष्कळ वाचल्या. बाकीच्या तबेल्यात राहिल्या.

याला एक सुंदर अपवाद आपल्या शेजारीच आहे. कोल्हापूरला दसऱ्याच्या सोहळ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार बाहेर निघते, ती राजाराम महाराजांच्या काळातली. बघायला रस्त्याच्या दुतर्फा माणसं उभी असतात. वर्षातून एकदा का होईना ती चालते. मोटारीचं म्हातारपण माणसासारखंच असतं. रोज थोडं हातपाय हलवले तर टिकतं, एका जागी बसलं की संपलं. उभ्या गाडीतलं पेट्रोल आटून चिकट राळेसारखं होतं, ब्रेक जाम होतात, उंदीर वायरी कुरतडतात, रबर तडकतं. आणि आपल्याकडचा पाऊस! दारांच्या खाली, पायाखालच्या पत्र्यात पाणी साचतं आणि पत्रा पापडासारखा होतो. कोकण-गोव्याच्या बाजूला तर खाऱ्या हवेमुळे हे सगळं दुप्पट वेगानं होतं.

राजांच्या गाड्यांचं झालं. आपल्यासारख्यांच्या परसात मोटार कशी आली, त्याची गोष्ट सोलापूरहून सुरू होते. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यातला. वडील हिराचंद नेमचंद यांनी 'जैन बोधक' हे मासिक काढलं होतं. आपल्यापैकी कित्येक घरांत त्याचे जुने अंक अजून असतील. मुलानं मात्र कापसाची, सावकारीची वाट सोडली. आधी रेल्वेची कंत्राटं, मग १९१९ मध्ये सिंदिया कंपनीची जहाजं, मग साखर कारखाना, १९४० मध्ये बंगळुरूला विमानाचा कारखाना. मोटारीचं स्वप्न त्याच काळातलं. विश्वेश्वरय्यांचीही मोटार कारखान्यासाठी खटपट चालूच होती. वालचंद अमेरिकेला गेले, फोर्डशी बोलले. ते जमलं नाही, मग क्रायस्लरशी करार केला. महायुद्ध सुरू होतं आणि इंग्रज सरकारला हिंदुस्थानात मोटारी बनायला नको होत्या. परवानग्या रखडल्या. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्याच्या सुमारास तिथून डॉज आणि प्लिमथ बाहेर पडू लागल्या. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ ची, आधी गुजरातेत ओखा बंदरात, नंतर बंगालमध्ये उत्तरपाड्याला.

पुढे सरकारनं ठरवलं की, ज्यांना इथं गाडी बनवायची आहे त्यांनीच राहावं, नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनी नव्हे. त्यामुळे १९५४ मध्ये फोर्ड आणि जनरल मोटर्स इथलं काम बंद करून गेल्या. मैदानात उरल्या मुख्यतः तीन गाड्या : फियाट, ॲम्बेसेडर आणि स्टँडर्ड. वालचंद १९५३ साली वारले. कुर्ल्याची फियाट घराघरात पोचलेली त्यांनी पाहिली नाही. फियाटशी करार संपल्यावर गाडीचं नाव बदललं. आधी प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. चितोडच्या राणीचं नाव. तेव्हाच्या मोटारीला बाईचं नाव असणं ही मला गंमतच वाटते, कारण त्या काळात आरसी बुकात बाईचं नाव क्वचितच असायचं.

त्या गाड्यांसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची, हे आजच्या मुलींना सांगितलं तर खरं वाटत नाही. फियाट बुक केली की मुलगा कॉलेजात जाईपर्यंत येईल, असं हसत म्हणायचे. म्हणून आलेली गाडी घरात सुनेसारखी ओवाळून घेतली जायची. गिअर हँडलपाशी असायचा, पुढची सीट एकसंध. त्यावर तिघं आणि मांडीवर एक पोर. मागे बाया, पायाशी फराळाचे डबे. बाहुबली-कुंभोज, स्तवनिधी, कुंथलगिरी अशा यात्रा या गाड्यांनीच घडवल्या. १९८१ चा श्रवणबेळगोळचा महामस्तकाभिषेक आठवतो का? गोमटेश्वराला तेव्हा हजार वर्षं झाली होती. आमच्या बाजूच्या किती गाड्या त्या वेळी घाटातून धुरळा उडवत गेल्या असतील! बोनेट तापलं की झाडाखाली थांबायचं, पाणी ओतायचं, तेवढ्यात डबे उघडायचे.

गोव्याचं गणित वेगळं. डिसेंबर १९६१ पर्यंत तिथं पोर्तुगीज राज्य. आपल्याकडच्यासारखी परवान्याची बंधनं नव्हती आणि लोखंडाच्या खाणींचा पैसा होता. त्यामुळे पणजी-मडगावला मर्सिडीज, ओपेल अशा युरोपातल्या गाड्या सर्रास दिसायच्या. मुक्तीनंतर त्यातल्या काही मर्सिडीजच्या टॅक्सी झाल्या. आजही तिकडच्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या घरांमागे एखादी मर्सिडीज नारळाच्या झावळ्यांखाली दिसते, ती त्याच काळातली.

मग या गाड्या थांबल्या कधी? मी जिथं जिथं विचारलं तिथं साधारण चार उत्तरं मिळाली. पहिलं, पेट्रोल. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले आणि त्या मोठ्या अमेरिकन गाड्या पोसणं अशक्य झालं. काहींना डिझेलचं इंजिन बसवून वडाप केलं, बाकीच्या थांबल्या. दुसरं, मारुती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. हलकी, कमी पेट्रोलवर चालणारी, बायकांनाही चालवायला सोपी. फियाट शेडमध्ये गेली. तिसरं, सुटे भाग. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा बेळगावच्या उद्यमबागेत एखादा भाग ओतून, घासून देणारे हुशार कारागीर होते, पण ते वयस्क झाले आणि त्यांची मुलं दुसऱ्या धंद्यात गेली.

चौथं उत्तर कुणी मोठ्यानं सांगत नाही. वाटणी. मामंजी गेले, गाडी त्यांच्याच नावावर राहिली. तिघा भावांपैकी एकाला ठेवायची, एकाला विकायची, एकाला नुसतं दुसऱ्याला मिळायला नको. बहिणींना कुणी विचारलंच नाही. किल्ली एकाच्या कपाटात, पुस्तक दुसऱ्याच्या. तंबाखूच्या व्यापारात नाव काढलेल्या निपाणीकडच्या एका घरात मी अशी डुक्कर फियाट बघितली. तिच्या दारात अजून तंबाखूचा वास होता. ती चालवणारे गेले, भांडणारे म्हातारे झाले आणि गाडीत वारुळ झालं. मला तर वाटतं, परसातल्या बहुतेक मोटारी इंजिनमुळे बंद पडलेल्या नाहीत, घरातलं बोलणं बंद पडलं म्हणून बंद पडल्या आहेत.

ज्यांनी या गाड्या बनवल्या, त्या कारखान्यांचंही तसंच झालं. पद्मिनीचं उत्पादन शतक सरता सरता थांबलं. कुर्ल्याच्या त्या जागेवर आज उंच इमारतींची वसाहत आहे. उत्तरपाड्याचा ॲम्बेसेडरचा कारखाना मे २०१४ मध्ये बंद झाला आणि २०१७ साली ॲम्बेसेडर हे नुसतं नाव ८० कोटी रुपयांना फ्रान्सच्या प्युजोला विकलं गेलं. मुंबईत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेल्या शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. मुंबईला गेल्यावर जिच्यात बसून आपण दादरहून नातेवाइकांकडे जायचो, ती टॅक्सी आता रस्त्यावर नाही.

आता कायदाही बदलला आहे, म्हणून हे सगळं लिहायची घाई. २०२१ च्या धोरणानुसार वीस वर्षांवरच्या खाजगी गाडीला तपासणीत पास व्हावं लागतं, नाही झाली तर ती भंगारात. भाव देणारे दारात येतात, वजनावर पैसे सांगतात. पण त्याच वर्षी जुलैमध्ये दुसराही नियम आला, तो फारसा कुणाला माहीत नाही. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली खाजगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात, नोंदणी दहा वर्षांची असते. नव्या नोंदणीला वीस हजार आणि पुढच्या नूतनीकरणाला पाच हजार रुपये फी. रोज बाजाराला न्यायची नाही, प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची. १९७४ ची पद्मिनी आता पन्नाशी ओलांडून गेली, म्हणजे माझ्यासारखीच. त्यामुळे ज्या गाडीला घरचे भंगार म्हणतात, ती कायद्याच्या भाषेत वारसा ठरू शकते. फक्त इंजिन, चासी, बॉडी यांत मोठा फेरफार केलेला नसावा. म्हणून आधी कागद बघावेत, मगच भंगारवाल्याला हाक मारावी.

प्रत्येक गाडी वाचेल असं मी म्हणत नाही. पत्रा गेलेला असेल, पैसे नसतील, तर ती जाऊ द्यावी. मात्र नीट जाऊ द्यावी. मालक गेला असेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ असतो. भंगारात देताना आरटीओत नोंदणी रद्द करून घ्यावी, नाहीतर गाडी तुकडे होऊनही मामंजींच्या नावावरच राहते. आणि गाडी अंगणात ठेवणारच असाल तर दारं कुलूपबंद असू द्या. उन्हात उभ्या मोटारीत लपायला गेलेली मुलं आत अडकून गुदमरल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. टायरात साचलेलं पाणीही ओतून टाका, डास तिथंच होतात.

पोलीस ठाण्यांच्या आवारातला ढीग तर वेगळाच. अपघातातल्या, चोरीच्या, जप्तीच्या गाड्या मुद्देमाल म्हणून पडून राहतात. २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, अशा गाड्या ठाण्यात वर्षानुवर्षं ठेवण्यात अर्थ नाही. फोटो, पंचनामा करून, हमी घेऊन मालकाला परत द्याव्यात. तरी ढीग दिसतातच. एखाद्या घरची कष्टाची गाडी तिथं गंजत असेल तर हा निकाल वकिलांना दाखवावा, त्यासाठी इथं लिहिलं.

शेवटी मैत्रिणींनो, एक काम सांगते, पैशाचं नाही. दिवाळीची साफसफाई करताना परसातल्या त्या मोटारीवरचा पाचोळा एकदा झाडा. नंबराची पाटी पुसून तिचा फोटो काढा. चासीवर ठोकलेला आकडा वहीत उतरवून घ्या. जुनं आरसी बुक कुठल्या पेटीत आहे ते बघा. नवऱ्याला माहीत नसेल, सासूबाईंना नक्की माहीत असतं. मग त्यांना विचारा. गाडी कुठून आणली, किती दिवस वाट बघितली, पहिल्यांदा कुठं गेलात, कोण चालवायचं, शेवटची कधी निघाली. त्यांची आठवण त्यांच्याच शब्दांत लिहून त्या आरसी बुकात घडी घालून ठेवा. सरकारी कागदावर मालकाचं नाव असतं, पण त्या गाडीतून कोण कोण कुठं गेलं हे बहुतेक वेळा मागच्या सीटवरच्या बाईलाच ठाऊक असतं. ती आहे तोवर विचारून घ्या.